तीन-चार तासांनंतर दर वेळी पाय संपतात? सायकलच्या लांब राईडमधला हा बिघाड या क्रमाने शोधा

पहिले तीन तास छान जातात. चौथ्या तासात एकाएकी अंगातलं त्राण जातं आणि उरलेलं अंतर कसंबसं रेटावं लागतं. एखाद्या वेळी झालं तर तो त्या दिवसाचा दोष म्हणून सोडून देता येतं. पण दर लांब राईडला, साधारण त्याच टप्प्यावर होत असेल तर त्यामागे नक्की कारण आहे आणि ते सापडतं. नव्या सायकलस्वारांसोबत लांबच्या राईड करताना हा बिघाड मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, दुरुस्तही केला आहे. बहुतेक जण शोध उलट्या टोकाने सुरू करतात. आधी सराव वाढवतात, मग हलकी चाकं घेतात, मग महागडी पावडर आणतात. चौथ्या तासात दिसणारा बिघाड बहुतेकदा पहिल्या तासात झालेला असतो, आणि तो निस्तरायला फारसा खर्च येत नाही.

आधी लक्षणं

'पाय संपले' अशी तक्रार आली की मी पुढचे प्रश्न विचारतो, कारण या एका तक्रारीखाली वेगवेगळे बिघाड लपलेले असतात.

दहा-पंधरा मिनिटांत वेग एकदम पडला का? जोर लावूनही हार्ट रेट वर जात नव्हता का? हात थरथरणं, थंड घाम, चिडचिड, डोक्यात धुकं, काहीतरी गोड खावंसं वाटणं आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा माणसात येणं, असं असेल तर इंधन संपलं होतं. सायकलवाले याला बाँक म्हणतात.

डोकं साफ आहे, बोलता येतंय, पण मांड्या भरून आल्यात, सपाटीवर चालतं आणि चढ आला की पाय नाही म्हणतात, खाऊनही फरक पडत नाही, हे वेगळं. इथे बहुधा सुरुवातीचा वेग चुकलेला असतो किंवा सराव अपुरा असतो.

वेग तोच, पण हार्ट रेट हळूहळू चढत चाललाय, तोंड कोरडं, लघवी कमी आणि गडद, तर पाणी आणि ऊन यांच्याकडे बघा. पोट फुगलंय, आत पाणी डचमळतंय, मळमळतंय, पुढचा घास नकोसा झालाय, तर इंधन पोटात पडून आहे, पुढे सरकत नाही. आणि मान, तळहात, कंबर किंवा बैठक दुखू लागल्यामुळे वेग पडत असेल तर इंधनाचा संबंधच नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

रस्त्यात बाँक झाला तर तेव्हाच काय करायचं, तेही सांगून ठेवतो. थांबा. सावलीत बसा. ३० ते ४० ग्रॅम झटपट लागू पडणारी साखर घ्या, म्हणजे जेल (छोट्या पाकिटात मिळणारा गोड, दाट रस), गोड पेय, साध्या साखरेच्या गोळ्या, जे असेल ते. वर थोडं पाणी. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग हलक्या गिअरवर निघा आणि दर वीस मिनिटांनी खात राहा. बरं वाटलं म्हणून खाणं थांबवलं की तासाभरात तेच परत होतं. गरगरत असताना उतारावर सायकल घालू नका. त्या अवस्थेत वळणाचा आणि ब्रेकचा अंदाज चुकतो.

पहिली तपासणी: सायकल

पाच मिनिटांचं काम, फुकट. दोन्ही चाकं उचलून फिरवा. ब्रेक घासतोय का, ते कान देऊन ऐका. डिस्क ब्रेकमध्ये हलकी खरखर सहज सुटून जाते. टायरमधली हवा गेजने मोजा. अंगठ्याने दाबून कळत नाही. चेन कोरडी असेल तर पुसून तेल द्या. हे आधी करायचं कारण एवढंच की घासणारा ब्रेक आणि बसलेला टायर दर किलोमीटरला थोडी ताकद खातात. अर्ध्या तासात ते जाणवत नाही, पाच तासांत त्याचा हिशेब मोठा होतो.

दुसरी तपासणी: आदली रात्र आणि सकाळ

रात्रभराच्या उपवासात यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो. रक्तातली साखर टिकवण्याचं काम तोच साठा करतो, आणि मेंदू त्या साखरेवर चालतो. म्हणून पहाटे फक्त चहा-कॉफी घेऊन निघणाऱ्याचं डोकं पायांच्या आधी थकतं. निघण्याआधी दोन-तीन तास, वजनाच्या दर किलोमागे १ ते २ ग्रॅम कर्बोदकं मिळतील असं साधं, कमी तेलाचं, कमी चोथ्याचं खाणं घ्या. इतक्या लवकर उठणं शक्य नसेल तर रात्रीचं जेवण नीट करा, निघताना एखादं केळं खा आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच राईडवरचं खाणं सुरू करा. काही जणांना निघण्याच्या पाऊण-एक तास आधी भरपूर गोड खाल्लं की सुरुवातीलाच गळून गेल्यासारखं होतं. तुमचं तसं होत असेल तर ते खाणं आणखी आधी घ्या किंवा निघायच्या अगदी पाच मिनिटं आधी घ्या.

तिसरी तपासणी: खिशातून परत काय आलं

माझ्या अनुभवात सर्वाधिक बिघाड इथे सापडतात, म्हणून इथे जरा थांबू.

'मी खात होतो' हे उत्तर मी धरत नाही. राईड संपली की जर्सीचे खिसे आणि बाटल्या टेबलावर रिकाम्या करायला लावतो. एका राईडचं चित्र असं होतं: निघताना तीन केळी, चार जेल, दोन बाटल्या गोड पेय. परत आली एक चेपलेली केळी, तीन जेल आणि एक भरलेली बाटली. म्हणजे चार तासांत पोटात गेलं काय? दोन केळ्यांचे साधारण ५० ग्रॅम, एका जेलचे २५ आणि एका बाटलीचे ३० ग्रॅम. एकूण १०५. तासाला सव्वीस ग्रॅम. शिवाय त्यातलं बरंचसं तिसऱ्या तासानंतर, दमायला लागल्यावर गेलेलं.

आता दुसरी बाजू बघा. तुम्ही तासभर सरासरी १५० वॅटने पेडल मारलंत तर ५४० किलोज्यूल काम होतं. शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे तेवढ्या कामासाठी साधारण ५५० ते ६०० किलोकॅलरी खर्च होतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा असतो ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. काही वाटा चरबी उचलते, पण जोर जितका जास्त तितका तिचा वाटा कमी. तीन-साडेतीन तासांचा आकडा कुठून येतो, ते यावरून कळेल.

त्यातही सगळा साठा पायांना मिळत नाही. स्नायूतलं ग्लायकोजेन त्या स्नायूतच वापरलं जातं. ते साखर होऊन रक्तात परत येत नाही, त्यामुळे दंडातला साठा मांडीच्या कामाचा नाही. १९६६ साली स्वीडनमध्ये योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी हे स्वतःवर करून पाहिलं. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने थकेपर्यंत पेडल मारलं आणि मांडीच्या स्नायूचे नमुने काढले. राबलेला पाय रिकामा झाला होता, आराम केलेल्या पायातला साठा जागच्या जागी होता. पुढचे तीन दिवस कर्बोदकांनी भरलेलं जेवण घेतल्यावर राबलेल्या पायात दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट साठा झाला. मोठ्या राईडच्या आधी दीड-दोन दिवस भरपूर कर्बोदकं खाण्याचा सल्ला तिथूनच रुजला.

मग किती खायचं? दोन-अडीच तासांच्या राईडसाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम. त्याहून लांब राईडला ६० पासून सुरू करून हळूहळू ९० पर्यंत नेता येतं, पण तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात. आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन (पचल्यावर ग्लुकोज होणारी पावडर) ९० ग्रॅम ढोसलं तर वरचं पोटात साचतं आणि मळमळ सुरू होते. साध्या साखरेत दोन्ही समसमान असतात, त्यामुळे माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये साखर मिसळूनही काम होतं.

भुकेची वाट बघू नका. जोरात पेडल मारताना भूक दबते, आणि ती लागेपर्यंत उशीर झालेला असतो. हॅण्डलबारवरच्या सायकल कॉम्प्युटरवर वीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की दोन घास, अपवाद नाही. पहिला गजर पहिल्या वीस मिनिटांनी, पोट भरलेलं असलं तरी.

खिशात खाणं असून ते पोटात का जात नाही, याचं कारण पुष्कळदा अगदी साधं निघतं: एक हात हॅण्डलबारवरून सुटत नाही. घामट हातमोज्यांनी कडक पाकीट फाडता येत नाही, मागच्या खिशात हात जात नाही, आणि माणूस 'पुढच्या सपाटीला खातो' म्हणत तासभर काढतो. घरीच पाकिटांची कड कापून ठेवा, खाण्याचे एका घासाचे तुकडे करून टॉप ट्यूबवरच्या, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवरच्या, छोट्या पिशवीत भरा, आणि रिकाम्या रस्त्यावर एका हाताने चालवत खाण्याचा सराव करा. हा सराव मी इंटर्व्हलच्या (थोडा वेळ कडक, थोडा वेळ हलका अशा) सरावाइतकाच गंभीरपणे घ्यायला लावतो.

चौथी तपासणी: पाणी आणि मीठ

यासाठी फक्त वजनकाटा लागतो. राईडआधी लघवी करून, कपडे काढून वजन करा. तासभर नेहमीच्या जोराने चालवा, घाम पुसा, पुन्हा वजन करा. ६८.४ चं ६७.६ झालं आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यालात, तर त्या तासात घाम गेला १.३ लिटर. थंडीत आणि उन्हात हा आकडा वेगळा येणार, म्हणून दोन्ही ऋतूंत मोजा. गेलेलं सगळं पाणी राईडमध्येच भरून काढायची गरज नाही. घट वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत राहिली तरी बहुतेकांचं भागतं.

याच्या उलट चूक जास्त धोक्याची आहे. संथ चालवणारा, लांब वेळ रस्त्यावर असणारा आणि भीतीपोटी सतत साधं पाणी पिणारा माणूस रक्तातलं सोडियम खाली आणू शकतो. राईडनंतर वजन वाढलेलं, बोटं सुजलेली, डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, तर आणखी पाणी पाजू नका. असा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर तडक दवाखाना. घामातून मीठ किती जातं, यात माणसामाणसांत मोठा फरक असतो. जर्सीवर पांढरे पट्टे उमटत असतील तर लांब राईडला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे पाण्यात मिसळायचे क्षार, घ्या.

पायात गोळे आले की खापर नेहमी मिठावर फुटतं. मीठ नीट घेऊनही गोळे येतच असतील तर पुढची तपासणी करा. थकलेल्या स्नायूवर सवयीपेक्षा जास्त जोर पडणं हे त्याचं मोठं कारण आहे.

पाचवी तपासणी: पहिल्या तासाचा वेग

सायकल कॉम्प्युटरने किंवा घड्याळाने नोंदवलेली राईडची फाईल उघडा आणि पहिल्या तासाचा सरासरी हार्ट रेट किंवा वॅट शेवटच्या तासाशी ताडून बघा. पहिला तास सगळ्यात जोरकस असेल तर दोष सापडला. ताजे पाय, गार हवा, पुढे जाणारा ग्रुप. यात माणूस वाहत जातो, आणि त्या जोराचं इंधन बहुतांशी ग्लायकोजेनमधून जातं. चरबी त्या गतीने पुरवठा करू शकत नाही.

वाऱ्याचा हिशेबही डोक्यात ठेवा. हवेचा रोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सपाटीवर, वारा नसताना ताशी २५ वरून ३० किमीच्या वेगाला जायचं तर हवेसाठी लागणारे वॅट सुमारे ७० टक्क्यांनी वाढतात. आणि १०० किमीवर त्यातून वाचतात चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं चौथ्या तासातल्या एका बाँकमध्ये परत जातात. २०० किमीच्या ब्रेवेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून सरासरी ताशी १५ किमीही लागत नाही. पहिल्यांदा ब्रेवे करणाऱ्याने हा आकडा हॅण्डलबारवर चिकटवून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

साधनं नसतील तर बोलून बघा. पहिल्या तासात पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. चढावर वेग पडू द्या, गिअर हलका करा, जोर तोच ठेवा. ग्रुपच्या मागे राहण्यासाठी दर वळणानंतर जीव तोडून अंतर भरून काढावं लागत असेल तर तो ग्रुप आज तुमचा नाही, त्याला जाऊ द्या.

सहावी तपासणी: पोट साथ देत नाही

खाण्याचा आकडा बरोबर, वेग बरोबर, तरी पोट फुगतं? मग बाटलीतलं मिश्रण तपासा. अर्ध्या लिटरला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे ६ ते ८ टक्के, बहुतेकांना झेपतं. त्यावर जेल घ्यायचं असेल तर सोबत साधं पाणी. दाट पेयावर दाट जेल गेलं की ते पातळ करायला पोट अंगातलंच पाणी ओढतं. मोठ्या राईडच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. आतड्यालाही सवय लागते. आठवड्यातून एक-दोन राईडना तासाला १० ग्रॅम वाढवत गेलात तर काही आठवड्यांत ते जास्त साखर आत घेऊ लागतं. दुखलं म्हणून राईडमध्ये वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल तर सोडा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पोटही बिघडवतात.

सातवी तपासणी: सराव

इथवर यायला चार-पाच राईड लागतील, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आहे. दोन बदलल्या की नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही.

पाया किती पक्का आहे ते असं बघा: ऊन नसताना, सपाट रस्त्यावर दोन तास एकसारख्या हलक्या जोराने चालवा. वॅट तेच असताना दुसऱ्या तासाचा हार्ट रेट पहिल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त चढला तर लांब पल्ल्यासाठी पाया अजून कच्चा आहे. त्यावर उपाय एकच, बोलता येईल अशा जोरात भरपूर तास, आणि त्यासोबत आठवड्यातून एक किंवा फार तर दोन कडक सराव. सगळ्या राईड मध्यम-कडक करणारे लोक मला सारखे भेटतात. ते कायम दमलेले असतात आणि पुढेही जात नाहीत. सगळ्यात लांब राईड एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांनीच वाढवा, आणि दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला भार कमी करा.

याच टप्प्यावर रोजचं जेवण विचारतो. वजन उतरवायचं म्हणून कर्बोदकं तोडलेली आणि लांब राईडही चालू, अशी जोडी असेल तर साठा कधी भरतच नाही. वजन कमी करायचंच असेल तर ते हलक्या दिवसांच्या जेवणातून करा. लांब राईडच्या दिवशी आणि आदल्या दिवशी पोटभर खा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

हात बधिर होणं, मान आखडणं, गुडघ्याच्या एकाच बाजूला दुखणं, बैठकीत बधिरता, हे सॅडल दोन मिलिमीटर वर-खाली करून महिनोन्महिने शोधत बसू नका. चांगल्या बाईक फिटरकडे, म्हणजे तुमच्या शरीराप्रमाणे सायकल जुळवून देणाऱ्याकडे, जा. बैठकीतली बधिरता राईडनंतर तासन्‌तास टिकत असेल किंवा गुडघा सुजत असेल तर आधी डॉक्टर.

इंधन, पाणी, वेग आणि विश्रांती नीट सांभाळून सहा-आठ आठवडे झाले, तरी फरक नसेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप), थायरॉईड, साखर यांबद्दल त्यांना विचारा. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. लोह शरीरात साचतं आणि जास्त झालं तर अपाय करतं. मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली, सतत आजारपण, हाड दुखणं, झोप उडणं, अशी लक्षणं असतील तर शरीराला एकूणच खाणं कमी पडतंय. त्यासाठी डॉक्टर आणि क्रीडा आहारतज्ज्ञ दोघेही लागतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वरचा एकही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि पुढच्या गोष्टींत तपासणीचा क्रम वगैरे काही पाहायचा नाही, राईड तिथेच संपली: छातीत दुखणं किंवा दडपण, जोर लावताना शुद्ध हरपणं, हृदयाचे ठोके अनियमित धावणं, उन्हात बरळणं किंवा तोल जाणं, राईडनंतर काळसर तपकिरी लघवी, एका पोटरीला सूज आणि दुखणं. यातलं काहीही साखरेने किंवा मिठाने बरं होत नाही. स्वतः सायकल चालवत परत जाऊ नका, रुग्णवाहिका बोलवा किंवा सोबत्याला दवाखान्यात न्यायला सांगा. उष्माघाताची शंका असेल तर मदत येईपर्यंत त्या माणसाला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला.

साध्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या तीन-चार लांब राईडचं टिपण सोबत न्या: किती वाजता काय खाल्लं, किती पाणी, आधी-नंतरचं वजन, कितव्या तासाला त्रास सुरू झाला आणि खाल्ल्यावर तो गेला की राहिला. 'खाल्ल्यावरही राहिला' असं लिहिलेल्या राईडची तारीख ठळक करून ठेवा. ती त्यांना सगळ्यात आधी दाखवा.